ठाण्याच्या रजिस्टरातलं गाव

पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पन्नास वर्षांपासून दारूबंदीचा. पलीकडे धामणगाव रेल्वेच्या बाजूला परवान्याची दुकानं. तिकडे विकली गेलेली बाटली सरकारच्या महसुलात मोजली जाते. तीच बाटली थैलीत घालून कोणी पूल उतरला आणि नाक्यावर सापडला, की ती ठाण्याच्या गुन्हे रजिस्टरात मोजली जाते. माणूस तोच, बाटली तीच. मध्ये फक्त नदी.

मी वीस वर्षं तालुका वार्ताहर होतो आणि त्यातल्या बहुतेक जानेवारीत मी एकच बातमी लिहिली. पोलिसांची वार्षिक आढाव्याची पत्रकार परिषद, आलुबोंडा, चहा, आणि दोन पानांची प्रेसनोट. डाव्या रकान्यात मागलं वर्ष, उजव्यात सरलेलं वर्ष. घरी येऊन दोन्हींची वजाबाकी करायची आणि मथळा द्यायचा, ‘जिल्ह्यात गुन्हेगारीचा आलेख चढता’. कधी उतरता. एका वर्षी ही बातमी छापून आल्यावर बसस्थानकासमोरच्या टपरीवर निवृत्तीला टेकलेले एक जमादार भेटले. कप खाली ठेवून म्हणाले, “भाऊ, गुन्हे कुठी वाढले? यंदा नवीन साहेब आले. रोजच्या दोन रेड पाह्यजे म्हनते. रेड वाढल्या म्हून गुन्हे वाढले.” पैसे देऊन ते निघून गेले. मी मात्र तिथेच बसून राहिलो, कारण माझी अनेक वर्षांची बातमीदारी त्यांनी एका वाक्यात निकालात काढली होती.

गुन्ह्यांचे दोन प्रकार असतात आणि ते मिसळले की घोटाळा होतो. खून, चोरी, दरोडा यांत कोणीतरी नाडला गेलेला असतो आणि तो ठाण्यात येतो. दारूबंदी, जुगार, गांजा यांत सहसा फिर्यादी नसतोच, पोलीसच फिर्यादी. पोलीस गेले तर गुन्हा नोंदला जातो, नाही गेले तर नाही. म्हणूनच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, हे दोन ढीग वेगळे मांडत आला आहे: एकीकडे दंडसंहितेखालचे गुन्हे, दुसरीकडे विशेष व स्थानिक कायद्यांखालचे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ हा दुसऱ्या ढिगातला. वर्ध्याच्या एकूण आकड्यातला हा ढीग बाजूला न काढता त्याची तुलना यवतमाळशी किंवा अमरावतीशी करणं म्हणजे कापसाचं वजन सरकीसकट करून रुईचा भाव लावणं.

चंद्रपूरचं उदाहरण ताजं आहे. तिथे १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. त्या सहा वर्षांत ठाण्यांत दारूच्या गुन्ह्यांची रास पडली. बंदीचे विरोधक म्हणाले, बघा, गुन्हेगारी वाढली. समर्थक म्हणाले, बघा, अंमलबजावणी कडक आहे. दोघांच्या हातात कागद एकच. माझं स्वतःचं मन बंदीच्या बाजूने आहे. आमच्या गल्लीतल्या बायकांचे पगाराच्या दिवसाचे चेहरे मी पाहिले आहेत. पण माझ्या बाजूच्या लोकांनीही हा आकडा पुरावा म्हणून वापरू नये, असं मला वाटतं. कायद्याने जे कृत्य कालपर्यंत गुन्हा नव्हतं ते आज गुन्हा ठरलं, तर आज गुन्हे वाढणारच. त्यावरून ना बंदी फसली हे सिद्ध होतं, ना यशस्वी झाली हे.

आता रेड कुठे पडते ते बघा. आमच्याकडे ‘वॉश आऊट मोहीम’ हा शब्द पोरासोरांनाही माहीत आहे. पहाटे गाड्या निघतात, मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेला मोह, जमिनीत पुरलेल्या ड्रमांतून उपसून ओतला जातो, भट्ट्या फोडल्या जातात, फोटो निघतात. आणि त्या फोटोंत मागे दिसतो तो बहुधा पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती. दारू तिथे गळते, हे खोटं नाही. पण ती तिथेच गळते का? ढाब्यांवर येणारा माल, कारच्या डिकीतून पूल उतरणारी पेटी, नवरदेवाच्या वरातीमागे चालणारी गाडी, हे सगळं कोणाला ठाऊक नाही असा माणूस जिल्ह्यात दाखवा. बेड्यावर रेड टाकणं सोपं असतं. तिथून आमदाराला फोन जात नाही. वर्षाच्या शेवटी त्या रेडची बेरीज होते आणि मग गावातला शहाणा माणूस म्हणतो, “आम्ही नाही म्हणत बाप्पा, पोलिसांचे आकडेच सांगतात.”

शेतकऱ्याला हे समजवायला संख्याशास्त्र लागत नाही. मचाण ज्या वावरात बांधलं, रानडुकरं त्याच वावरात दिसतात. शेजारच्या वावरात जागलीला कोणी नसेल तर तिथली डुकरं मोजलीच जात नाहीत. सकाळी तिथला हरभरा खणलेला दिसतो एवढंच. म्हणून कोणी असं म्हणत नाही की डुकरांना मचाणवाल्याचंच वावर आवडतं. पण माणसांच्या बाबतीत आपण अगदी तेच म्हणतो. मागे नोंद आहे म्हणून बेड्यावर जायचं, गेलं की नोंद होते, नोंद झाली म्हणून पुन्हा जायचं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की त्याला पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. ते स्वतःचा पुरावा स्वतःच दळतं.

हे चक्र आजचं नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, आधी उत्तरेकडच्या प्रांतांत, मग १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती वाढली. जन्माने गुन्हेगार, म्हणजे पाळण्यातल्या पोराचं नाव पुढे रजिस्टरात जाणार हे ठरलेलंच. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो रद्द झाला, म्हणून त्या यादीतल्या पारध्यांसारख्या जमाती विमुक्त. पण सराईत गुन्हेगारांसाठी पाठोपाठ दुसरे कायदे आले, आपल्या राज्यात १९५९ मध्ये. त्यांत जमातीचं नाव नव्हतं, पण जुनी वही नव्या कपाटात गेली. ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक करू नका. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाल्यावर हे सांगावं लागतं, तर मधल्या सगळ्या वर्षांतले आकडे कोणत्या हातांनी लिहिले गेले असतील?

तुरुंगाच्या आकड्यांचंही तसंच. एनसीआरबीचा ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल आरोपींचा धर्म सांगत नाही. तो तुरुंगांच्या अहवालात असतो, सोबत कैदी अनुसूचित जातीचा की जमातीचा की ओबीसी तेही. मग लोक तिथून टक्केवारी उचलतात आणि अमुक समाज लोकसंख्येत इतका आणि तुरुंगात इतका, असं मोबाइलवर फिरवतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. शंभरातली जवळपास शहात्तर. म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही अशांची ती मोजणी. जामिनासाठी सातबारा जोडायचा असतो. सातबारा ज्याच्याकडे नाही तो आत राहतो. त्या टक्केवारीतून गरिबी बरीच दिसते. गुन्हेगारी किती दिसते, हे त्यावरून सांगता येत नाही.

मला खरी गंमत, खरं तर खंत, वेगळ्याच गोष्टीची वाटते. आकड्यावर शंका घ्यायला विदर्भाला कोणी शिकवायची गरज नाही. शेतकरी आत्महत्यांनी ते आपल्याला शिकवलं आहे. घरातला कर्ता माणूस गेला की ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, तलाठी येतो, तहसीलला अहवाल जातो, आणि मग जिल्हा समिती ठरवते: पात्र की अपात्र. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत. त्यासाठी शेतजमीन हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि ते थकलेलं हवं. ज्याने साळ्याकडून घेतले, ज्याने कृषी केंद्रातून बियाणं उधारीवर उचललं, ज्याचा सातबारा अजून बापाच्या नावावर होता, तो कित्येकदा अपात्र ठरला. जी बाई नवऱ्यामागे दहा एकर कसत होती पण जमीन सासऱ्याच्या नावावर होती, ती तर शेतकरीच नाही. ती नोंदीत ‘गृहिणी’. मेलेला माणूस मेलेलाच असतो, पण फॉर्मवरच्या रकान्यावरून तो आकड्यात येतो किंवा गळतो.

देशपातळीवरही हेच घडलं. २०१३ च्या एनसीआरबी अहवालात शेतीवर स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५०. निम्म्याहून कमी. त्या वर्षी काय चमत्कार झाला? रकाना बदलला. शेतकरी वेगळा, शेतमजूर वेगळा झाला, आणि मजुरांच्या रकान्यात ६,७१० जण गेले. बेरीज १२,३६०. तेव्हा आमच्याकडच्या चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत प्रत्येकाने विचारलं होतं की हा आकडा कोणी मोजला, कसा मोजला, कोणाला वगळलं. बरोबर विचारलं. कोणीही म्हणालं नाही, “आकडा खोटं बोलत नाही.”

मग बेड्याच्या आकड्यासमोर हाच माणूस एकही प्रश्न का विचारत नाही? आपल्या दुःखाच्या आकड्याची आपण बोटं लावून तपासणी करतो आणि दुसऱ्याच्या गुन्ह्याचा आकडा मात्र देवळातल्या तीर्थासारखा ओंजळीत घेतो. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती आधी माझ्याच विरुद्ध आहे. कारण वर्षानुवर्षं तो मथळा मी दिला होता.

बाकी आकड्यांच्या गमतीजमती पुष्कळ आहेत. एका एफआयआरमध्ये खूनही आहे आणि चोरीही, तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजते. चोरी गायब. २०२० मध्ये देशातले एकूण गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं, मग गुन्हे कोणी केले? कलम १८८. सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे २०१९ मध्ये २९,४६९ होते, २०२० मध्ये ६,१२,१७९ झाले. मास्क न लावता दूध आणायला निघालेला माझा शेजारी त्या वाढीत आहे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमं बदलली, काही गुन्ह्यांना नवी घरं मिळाली. तेव्हा या वर्षांची मागच्यांशी तुलना करणाऱ्याने जरा दमानं घ्यावं.

काही वाढी तर चांगल्या असतात. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात पुरुष एवढे बिघडले नाहीत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर कायदा बदलला, व्याख्या रुंदावली, तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली, आणि बायका बोलायला लागल्या. २०१३ च्याच नोव्हेंबरात ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं बंधनकारक ठरवलं. जिथे ठाणं तक्रार घेतं तिथे आकडा फुगतो, जिथे ‘जा, समजुतीनं घ्या’ म्हणून परत पाठवतं तिथे तो आटोक्यात राहतो. एनसीआरबी स्वतः अहवालातच सांगते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ते पान कोणी वाचत नाही. मीही बरीच वर्षं वाचलं नव्हतं.

अपहरणाचं उदाहरण गावात फार घातक ठरतं. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली तर गुन्हा नोंदवा. योग्यच आहे, मानवी तस्करीत पहिले काही तासच कामाचे असतात. पण त्यामुळे बारावीतली पोरगी शेजारच्या गावातल्या पोरासोबत पळून गेली, तरी ती अठराच्या आत असेल तर रजिस्टरात अपहरण. आठ दिवसांनी ती बापाच्या दारात परत येते, रजिस्टरातला आकडा परत येत नाही. वर्षअखेरीला आमच्यासारखे छापतात, ‘अल्पवयीन मुलींच्या अपहरणात वाढ’. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्हॅन आणि टोळी उभी राहते. अफवांना अशी नांगरलेली जमीन लागतेच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. त्या जमावाने कुठला अहवाल वाचला नव्हता, हे मला माहीत आहे. पण भटक्या माणसाकडे पाहताना मनात आधीपासून जे साचलेलं असतं, त्यात आमच्या मथळ्यांचाही गाळ असतो.

छोटा आकडाही फसवतो. गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आत होती. तिथे वर्षात एक खून झाला की खुनाचा दर लाखामागे अडीचच्या वर जातो. २०२२ मध्ये देशाचा खुनाचा दर होता २.१. म्हणजे एका भांडणाने तालुका देशापेक्षा हिंसक ठरला, पुढच्या वर्षी काही घडलं नाही तर तोच तालुका रामराज्य. शिवाय भाजक तरी कुठे नक्की आहे? २०२१ ची जनगणना झालीच नाही, जुन्या गणतीवरून अंदाज चालले आहेत. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली माणसंही त्या अंदाजात गावातच आहेत.

आणि शून्य? २००७ च्या १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना चांगली होती. धुऱ्याचे म्हणजे बांधाचे, पाणंद रस्त्याचे कितीतरी वाद कोर्टाबाहेर मिटले. पण बक्षीस लागलं की गावाला तंटा नकोसा होतो, आणि तंटा नको म्हणजे कित्येकदा तक्रार नको. नवऱ्याने डोकं फोडलेल्या बाईला समितीने नारळ देऊन घरी पाठवल्याचं मी पाहिलं आहे. वेशीवर फलक लागला, ठाण्याच्या नोंदीत त्या गावापुढे ‘निरंक’. गुन्हा नव्हता की वाचा नव्हती, हे त्या शब्दावरून कळत नाही. शिक्षेचे आकडेही असेच जपून वाचायचे. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. म्हणजे त्या कायद्याच्या शिक्षांच्या रकान्यात खैरलांजी सापडणार नाही. पुढे कोणी तो रकाना दाखवून ‘बघा, या कायद्यात शिक्षाच होत नाहीत, म्हणजे केसेस खोट्या’ असं म्हणेल, तेव्हा त्याला हे गाव आठवून द्यावं.

मग आकडे चुलीत घालायचे का? मुळीच नाही. पोलिसांचा प्रत्येक आकडा म्हणजे कारस्थान, असं म्हणणारेही मला भेटतात. तो आळशीपणाच आहे, फक्त उलट्या दिशेचा. खुनाचा आकडा बऱ्यापैकी टिकतो, कारण प्रेत लपवणं कठीण. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्यांत सर्वांत मोठा गट वादविवादांतून झालेल्या खुनांचा, ९,९६२. लाभासाठी झालेले १,८८४. हा आकडा मला माझ्या गावाबद्दल काहीतरी खरं सांगतो. आपण दाराला कुलूप लावतो ते बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या भीतीने, आणि कुऱ्हाड उचलतो तो धुऱ्यापलीकडचा चुलतभाऊ. वेळेवर मोजणी झाली, भूमी अभिलेखची तारीख वर्षावर गेली नाही, तर यातले किती जीव वाचतील, असा प्रश्न या आकड्यावरून विचारता येतो. बेड्याकडे बोट दाखवण्यापेक्षा तो अवघड आहे, कारण त्यात बोट आपल्या घराकडे वळतं.

माझ्या जागी आता एक तरुण पोरगा बातम्या पाठवतो. या जानेवारीत परिषदेच्या आधी त्याने फोन केला तेव्हा मी त्याला दोन प्रश्न लिहून दिले. दारूबंदीचे गुन्हे वगळून बाकी आकडा किती? आणि दारूच्या गुन्ह्यांतले बेड्यांवरचे किती, ढाबे, हॉटेल, गाड्यांतले किती? पहिल्याचं उत्तर साहेबांनी लगेच दिलं, चांगलं दिलं. दुसऱ्यावर म्हणाले, अशी फोड आमच्याकडे ठेवत नाहीत. पोराने दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहून पाठवली. सकाळी पेपर उघडला तर मथळा माझ्याच काळातला, आणि बातमी पहिल्या उत्तराच्याही आधी संपलेली.

त्याला फोन केला. म्हणाला, “काका, मी लिहिलं होतं ना. डेस्कनं खालचे दोन पॅरे उडवले. वाढदिवसाची जाहिरात आली होती.”